डिस्चार्ज बुकातली बायको

१४ जानेवारीला संक्रांत असते हे कुणाला सांगावं लागत नाही. त्याच दिवशी माजी सैनिक दिन असतो, हे मात्र आमच्यासारख्या फौजींच्या घरातसुद्धा दर वर्षी आठवण करून द्यावं लागतं. २०१६ पासून तो साजरा होतो. १९५३ साली याच तारखेला जनरल करिअप्पा निवृत्त झाले, भारतीय लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती. फील्ड मार्शल हा किताब त्यांना फार उशिरा, १९८६ मध्ये मिळाला. निवृत्त झाल्यावर हा माणूस स्वस्थ बसला नाही. १९६४ साली त्यांनी माजी सैनिकांची देशव्यापी संघटना उभी केली. म्हणजे दिवस निवडणाऱ्यांनी माणूस बरोबर निवडला. फक्त तारीख ठरवताना महाराष्ट्रातल्या एकाही बाईला विचारलेलं दिसत नाही.

कारण कार्यक्रमाचा निरोप व्हॉट्सअॅपवर येतो तो असा: 'माजी सैनिक, वीरमाता, वीरपत्नी यांनी सहकुटुंब उपस्थित राहावे.' सहकुटुंब, आणि तेही संक्रांतीला! सुगडं पुजायची, देवळात ववसायला जायचं, संध्याकाळी हळदीकुंकू. त्यामुळे आमच्याकडे सोयीची वाटणी ठरून गेलीय. पुरुष कडक इस्त्रीचे कपडे, टोपी, छातीवर मेडलं लावून भाड्याच्या जीपमधून साताऱ्याला जातात, आणि बायका घरी. तात्या, म्हणजे माझे सासरे, दर वर्षी जाताना तक्रार करतात, "करिअप्पासायबांनी आनखी एक दिवस नोकरी केली असती तर काय बिघडलं असतं?" मग आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आतून म्हणतात, "मग किंक्रांतीला आला असता तुमचा सत्कार. जावा आता."

तात्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते. एकोणसत्तर साली भरती झाले, हवालदार होऊन परत आले. त्यांनी बंदूक कमी आणि स्टिअरिंग जास्त धरलं. श्रीनगरहून झोजिला ओलांडून लेहकडे रॉकेल, तांदूळ, डाळ, कधी जिवंत बकऱ्या. एकाहत्तरच्या लढाईत पश्चिम आघाडीवर रात्रीचे, दिवे न लावता ट्रक नेले, त्याचा पश्चिमी स्टार त्यांच्याकडे आहे. पण गावात कुणी 'लढाईचं सांगा' म्हटलं की ते झोजिलाच्या चिखलाचं सांगतात, आणि ऐकणारा कंटाळून उठतो. फौज म्हटल्यावर लोकांना गोळी लागलेला माणूस हवा असतो. ती गोळी, ती चपाती आणि ते रॉकेल तिथवर कुणी पोचवलं, हे ऐकायला सवड नसते.

पस्तिशी ओलांडली आणि तात्या रिटायर झाले. जवानाला पंधरा वर्षं भरली की पेन्शन बसते, त्यामुळे गावातले बहुतेक फौजी चाळिशीच्या आतबाहेर घरी येतात आणि मग दुसरं आयुष्य सुरू करतात. तात्यांनी साखर कारखान्याच्या गेटवर नोकरी धरली आणि फौजेपेक्षा जास्त वर्षं तिथं काढली. तरी गावाला ते 'मेजर'च. आमच्याकडे शिपायापासून सुभेदारापर्यंत सगळेच मेजर.

मी गावात सेवा केंद्र चालवते. सातबारा, आधार, पीक विमा, वीजबिल, परीक्षांचे फॉर्म असलं सगळं. पण नोव्हेंबर आला की माझ्या ओट्यावर फौजेचं राज्य असतं, कारण पेन्शनरांचे हयातीचे दाखले. पूर्वी बँकेत जाऊन साहेबापुढे उभं राहावं लागायचं. २०१४ पासून हा दाखला ऑनलाइन निघतो: आधार नंबर, पीपीओ नंबर म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदाचा नंबर, आणि अंगठा.

हा अंगठा म्हणजे वेगळंच प्रकरण. ज्यांनी उमेदीत बर्फात साखळदंड ओढले आणि नंतर वीस वर्षं उसाच्या सऱ्या काढल्या, त्यांच्या बोटांवर रेघा कुठून राहणार? काचेवर अंगठा ठेवतात, खाली लाल उजेड लागतो आणि स्क्रीनवर 'जुळत नाही'. मग कोमट पाण्यात हात, मग पुसून थोडं व्हॅसलिन, मग डावा अंगठा, मग तर्जनी. एक नाना दर वेळी काचेवर इतक्या जोरात अंगठा दाबतात की यंत्र टेबलावरून सरकतं. "नाना, हळू ठेवा." "हळू कसं? सरकारला कळाय पायजे आम्ही जिवंत हाय त्ये."

२०२१ पासून चेहऱ्यावरूनही दाखला काढता येतो, आणि माझा अर्धा ताप गेला. त्यातही गंमत आहेच. मोबाइलचा कॅमेरा चेहऱ्यापुढे धरला की अॅप डोळ्यांची उघडझाप करायला सांगतं, म्हणजे समोर फोटो नाही, माणूस आहे हे त्याला कळतं. आणि आमचे मेजर काय करतात? कॅमेरा समोर आला की आपोआप सावधान. मान ताठ, नजर समोर, पापणी हलत नाही. मी म्हणते, "आबा, डोळे मिचकवा." आबा तोंड न हलवता म्हणतात, "हुकूम दोनदा देऊ नको पोरी," आणि तरी मिचकावत नाहीत. शेवटी शेजारी बसलेला कुणी तरी ओरडतो, "विश्राम!", मग सगळे हसतात, आबाही हसतात, आणि त्यात काम होतं.

तर या दाखल्यांच्या निमित्तानं गावातली जवळजवळ सगळी डिस्चार्ज बुकं माझ्या हातांखालून गेली आहेत. ज्यांच्या घरात फौजी नाही त्यांनी ही वस्तू पाहिली नसेल. घरातल्या काळ्या लोखंडी ट्रंकेत ती असते. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव रंगवलेलं असतं आणि आत गुंडाळलेल्या मेडलांच्या खाली हे पुस्तक. भरतीची तारीख, सोडल्याची तारीख, उंची, शिकलेली भाषा, लढाया, मेडलं. ओळखीची खूण म्हणून 'डाव्या गालावर तीळ', 'उजव्या गुडघ्यावर व्रण'. वर्तणूक: 'एक्झम्प्लरी'. हा शब्द आमच्या आळीतल्या चौथी पास म्हाताऱ्यालाही इंग्रजीत म्हणता येतो, आणि तो म्हणताना त्याची छाती फुगते. आणि मग एका रकान्यात बायकोचं नाव.

मला ज्याबद्दल लिहायचंय तो हा रकाना.

हे नाव तिथं कसं पोचलं असेल, बघा. पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा. दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला, घरच्यांनी आधीच ठरवलेल्या मुलीशी लग्न लागलं, हळद निघायच्या आत परत. युनिटमध्ये पोचल्यावर लग्नाची नोंद करायची. टेबलापलीकडे क्लार्क पंजाबचा नाही तर केरळचा. "बीवी का नाम?" आता आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत, तबकात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवीन नाव लिहायचं. माहेरची हौसा सासरी सुमन होते. पोरानं सांगितलं ते कधी माहेरचं, कधी सासरचं, कधी घरात हाक मारायचं. क्लार्कनं इंग्रजीत लिहिलं ते त्याच्या कानाला आलं तसं. जन्मतारीख विचारली तर पोराला ठाऊक नाही. बायकोला तिची जन्मतारीख विचारण्याइतकं बोलणंच कुठं झालेलं! मग अंदाजे वर्ष आणि १ जून. नोंद झाली, शिक्का बसला, आणि पुढची पन्नास वर्षं ते पान कुणी उघडून पाहिलं नाही.

नवरा जिवंत आहे तोवर त्यानं काही अडत नाही. पेन्शन त्याच्या नावानं येते. तो गेला की त्या बाईला पहिल्यांदा सिद्ध करावं लागतं की रेकॉर्डमधली ती आणि आधार कार्डावरची ही एकच.

वरच्या आळीतल्या काकूंचं तेच झालं. काका कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. ते जानेवारीत दोनदा तरी सत्काराला जाऊन आले होते. शाल अजून त्या कडक प्लॅस्टिकच्या पिशवीतच आहे, मी पाहिली. गणपतीत मंडळाच्या बॅनरवर त्यांचा गणवेशातला फोटो असायचा. आणि काकू वर्षावर महिने फॅमिली पेन्शनविना. रेकॉर्डला माहेरचं नाव, आधारला सासरचं, जन्मवर्षात सहाचा फरक. फॅमिली पेन्शन म्हणजे काही मोठं घबाड नव्हे. शेवटच्या पगाराच्या तीस टक्के, किमान मूळ रक्कम ९००० रुपये अधिक महागाई भत्ता. पण ज्या बाईच्या नावावर दुसरं काही नाही तिला ते सगळंच असतं. शिवाय फौजेच्या दवाखान्याचं कार्डही त्याच कागदांवर चालतं. काकू रोज सकाळी शेतमजुरीला जायला लागल्या होत्या, सदुसष्टाव्या वर्षी, आणि आळीत कुणाला त्याचं वावगं वाटत नव्हतं.

माझ्याकडे त्या आल्या ते दुसऱ्याच कामाला, रेशन कार्डाच्या. मग एकेक कागद जमवत गेलो. दोन्ही नावांची बाई एकच, असं तहसीलला प्रतिज्ञापत्र. दोन पेपरांत जाहिरात. जोडफोटो. सरपंचांचा दाखला. सगळं झालं तरी माहेरच्या नावाचा एकही पुरावा नाही, कारण शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. शेवटी त्यांच्या भावाच्या घरी, माळ्यावरच्या जुन्या वह्यांत, लग्नपत्रिका सापडली. पिवळी, कडेनं वाळवी लागलेली, वर गणपती आणि खाली 'चि. सौ. कां. हौसा'. त्या पत्रिकेला मी इतक्या काळजीनं स्कॅन केलं की माझ्या मुलांच्या दहावीच्या मार्कशीटलाही केलं नसेल. फाइल जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून रेकॉर्ड ऑफिसला गेली, दोनदा शंका काढून परत आली, आणि अखेरीस सुधारित पीपीओ आला. थकबाकीसकट. काकूंनी पैशातून आधी काय केलं विचाराल तर पेपरातल्या जाहिरातीसाठी भावानं दिलेले पैसे परत केले. भावानं घेतले नाहीत, त्यावरून दोघांचं भांडण झालं, ते अजून पुरतं मिटलेलं नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं की हे काम नवरे हयात असताना व्हायला हवं. माणूस जिवंत असला की त्याच्या एका सहीवर ज्या गोष्टी होतात, त्याच तो गेल्यावर फाइलभर कागदांनीही होत नाहीत. पण सांगायचं कुणाला? पुरुषांना सांगून पाहिलं. "बघू की," म्हणतात. कुणाला वाटतं आपण मरायची तयारी करतोय. एका मेजरांनी तर स्पष्टच सांगितलं, "मी काय येवढ्यात जात न्हाय." बायकांना सांगायला जावं तर त्यांना ट्रंकेची किल्ली कुठं असते तेच माहीत नसतं.

मग सुचलं ते हळदीकुंकू. पुरुष सत्काराला गेलेले असतात, ट्रंक घरात असते, बायकांना त्या दिवशी बाहेर पडायला कुणी अडवत नाही. माझ्याकडे येताना नवऱ्याचं डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि स्वतःचं आधार कार्ड घेऊन या, असं मी आठवडाभर आधी प्रत्येकीला सांगितलं. वाण म्हणून चेन लावलेल्या प्लॅस्टिकच्या फाइली आणल्या. जाऊबाईंना ते पटलं नव्हतं. "लोकं वाटीचमचा देत्यात, तू फाइल देणार?" फाइली पुरल्या नाहीत, एवढं सांगते.

आणखी एक केलं. ज्यांचे नवरे गेले आहेत त्यांनाही बोलावलं, आणि बोलावून कोपऱ्यात बसवलं नाही, हळदकुंकू लावलं. यावर आत्याबाई आदल्या दिवशी गप्प होत्या. त्यांचं गप्प असणं म्हणजे नकार असतो. मी त्यांना हेरवाडचं सांगितलं. कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यातलं गाव. २०२२ च्या मे महिन्यात त्यांच्या ग्रामसभेनं ठराव करून विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद केलं, आणि त्याच महिन्यात सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शिरोळचं मला काय सांगती. पहिलं कुंकू मी लावणार." वरच्या आळीच्या काकूंना त्यांनीच लावलं. काकूंनी मागं सरकायचा प्रयत्न केला, तर "गप बस, तुझ्या नावाचा कागद सरकारनं मान्य केलाय, मी कोण न्हाय म्हणनारी," असं म्हणून हनुवटी धरून लावलं.

मग दिवेलागणीपर्यंत सतरंजीवर तिळगुळाचे डबे आणि डिस्चार्ज बुकं. बेळगावची मराठा लाइट इन्फन्ट्री, खडकीचे सॅपर्स, नाशिक रोडचा तोफखाना, सागरची महार रेजिमेंट, बंगळूरचं एएससी म्हणजे तात्यांचं आर्मी सर्व्हिस कोअर, सगळी फौज माझ्या माजघरात आली होती. निम्म्याहून जास्त बायकांना आपलं नाव तिथं काय लिहिलंय ते पहिल्यांदाच कळलं. एकीचं नाव चक्क तिच्या सासूचं निघालं. एकीच्या नावात इतकी इंग्रजी अक्षरं होती की आम्ही तिघींनी मिळून वाचलं तरी उच्चार जमेना. आणि एक तरुण बाई, नवरा अजून नोकरीत, तिचं सगळं अगदी बरोबर. नाव, तारीख, मुलांची नावं. तिच्याकडे बाकीच्या असूयेनं बघत होत्या.

तिच्या शेजारी बसलेली एक आई म्हणाली, "माझ्या पोराचं बी असं पुस्तक मिळंल न्हवं?" तिचा मुलगा अग्निवीर आहे. २०२२ पासूनची भरती, चार वर्षांची. त्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत पोरांना पुढं कायम करणार. बाकीची सेवा निधीचे पैसे घेऊन घरी. त्यांना पेन्शन नाही, फौजेचा दवाखाना नाही, कँटीन नाही आणि योजनेच्या अटींप्रमाणे माजी सैनिक हा दर्जाही नाही. मी तिला एवढंच सांगितलं की चार वर्षांचं सर्टिफिकेट मिळेल. १४ जानेवारीच्या जीपमध्ये त्या पोरानं बसायचं की नाही, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मला विचाराल तर त्यानं बसावं. चार वर्षं बर्फात उभा राहिलेला माणूस माजी सैनिक नसेल तर मग तो कोण?

अंधार पडल्यावर जीप आली. शाली, श्रीफळं, प्रत्येकाच्या हातात नाश्त्याचा खोका. सत्काराला मी नावं ठेवत नाही. तात्या त्या शालीची घडी परत परत घालतात, मी बघते. भाषणं मात्र दर वर्षी तीच असावीत. यंदाही यशवंत घाडगे झाले म्हणे. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, मराठा पलटणीचे. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे पडले आणि हा एकटा मशीनगनच्या मोर्चावर धावून गेला. गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्यानं लढला आणि तिथंच गेला. व्हिक्टोरिया क्रॉस. बावीस वर्षांचं वय. सगळं खरं, आणि ऐकताना अजून काटा येतो. पण तो क्रॉस व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हातून त्यांच्या तरुण विधवेनं घेतला, तिथं भाषण कधी पोचत नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या अपशिंग्यातले पहिल्या महायुद्धात सेहेचाळीस जण गेले. त्या गावाच्या नावात 'मिलिटरी' आलं. त्या घरांमधून त्यानंतर चुली कुणी चालवल्या, हा माझा प्रश्न आहे, आणि तो विचारायला व्यासपीठ मिळत नाही म्हणून इथं लिहितेय.

आता आमच्या घरचं. दुसऱ्यांचे कागद तपासले आणि स्वतःच्या घरचे राहिले, असं नको म्हणून जेवणं झाल्यावर मी तात्यांचा पीपीओ काढला. आत्याबाईंचं नाव बरोबर. स्पेलिंग बरोबर. जन्मवर्ष १९४७.

तात्यांचा जन्म १९५१ चा.

मी हिशेब मांडून दाखवला. सरकारी कागदाप्रमाणे आत्याबाई तात्यांपेक्षा चार वर्षांनी मोठ्या, आणि आधारप्रमाणे पाच वर्षांनी लहान. तात्यांनी खोकल्यासारखं केलं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे तसंच. ऐंशी पुरी झाली की पेन्शन वीस टक्क्यांनी वाढती. माझ्या मागं हिला लवकर मिळंल." हिशेबाला माणूस पक्का; झोजिलावर रॉकेलचे पिंप मोजलेले आहेत. मी म्हणाले, "तात्या, वाढ बाजूलाच राहील, दोन तारखा जुळल्या नाहीत तर मूळ पेन्शनच अडकंल. आणि खोटं ते खोटंच."

पण आत्याबाईंनी आमचं दोघांचंही ऐकलं नव्हतं. त्या तिळाची वडी हातात धरून थांबल्या होत्या. "म्हंजे इतकी वर्सं सरकारला वाटतंय की मी ह्यांच्यापेक्षा थोरली?"

"कागदावर तसं आहे, आत्याबाई."

"आणि ह्येनीच सांगितलं तसं?"

तात्या शालीची घडी घालायला लागले.

"उद्या उजाडल्या उजाडल्या अर्ज भर," आत्याबाई मला म्हणाल्या. "पेन्शन मिळू दे न्हायतर न मिळू दे."